खांदेरी हा मासा नाही, साहेब!

(पोस्ट मोठी आहे. अलिबागकरांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, मग शिव्या द्यायच्या त्या द्याव्यात.)

आधी एक साधा प्रश्न. 'खांदेरी' म्हणजे काय?

थळच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. तो समुद्राकडे बोट दाखवेल. ती काय समोर. ही खांदेरी, ती बाजूची उंदेरी. संपला विषय.

आता हाच प्रश्न दिल्लीला विचारू.

१२ जानेवारी २०१७. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये 'खांदेरी' पाणबुडीचं जलावतरण झालं. प्रोजेक्ट ७५ मधली दुसरी स्कॉर्पिन पाणबुडी, डिझाइन फ्रेंच, बांधणी आपली. त्या वेळच्या सरकारी प्रसिद्धिपत्रकात नावाचा खुलासा होता: सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांच्या सागरी वर्चस्वात मोलाची भूमिका बजावणाऱ्या शिवाजी महाराजांच्या बेटावरच्या किल्ल्यावरून हे नाव दिलं आहे. वाचून छाती भरून आली असती, पण लगेच पुढचं वाक्य होतं की 'खांदेरी' हे टायगर शार्कचंही नाव आहे.

बरं. दोन अर्थ. चालवून घेतलं.

२८ सप्टेंबर २०१९. तीच पाणबुडी मुंबईत समारंभपूर्वक नौदलात दाखल झाली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांचं भाषण झालं. त्यात नावाची प्रेरणा कोणती सांगितली? समुद्राच्या तळाजवळून पोहत शिकार करणारा एक भयंकर मासा. कुठे तलवारीसारख्या दातांचा छापून आलं, कुठे करवतीसारख्या दातांचा.

म्हणजे पावणेतीन वर्षांत टायगर शार्कचा करवत मासा झाला. बोट तीच, नाव तेच, फक्त मासा बदलला.

त्यात गंमत बघा. टायगर शार्क तर आधीच बुक झालेला होता. याच मालिकेतली पहिली पाणबुडी 'कलवरी'. कलवरी हे टायगर शार्कचं मल्याळी नाव, असं नौदल स्वतः सांगतं. मग 'खांदेरी'सुद्धा टायगर शार्कच? दोन सख्ख्या बहिणींची नावं ठेवताना एकच अर्थ दोघींना कोण चिकटवतं? माझा अंदाज असा की पहिल्या बोटीच्या कागदातली ओळ दुसऱ्या बोटीच्या कागदात उतरली, आणि नंतर कुणाच्या तरी लक्षात आल्यावर नवीन मासा शोधला गेला. अंदाज चुकीचा असेल तर नौदलाने खुलासा करावा, मी इथेच छापतो.

आणि हो, खांदेरी हा मासा असेल तर शेजारची उंदेरी म्हणजे काय, उंदीर? ही जोडनावं आहेत राव. इंग्रजांच्या जुन्या कागदांतसुद्धा 'हेन्री-केनरी' अशी जोडीनेच येतात. बेट आधी होतं, बेटाचं नाव आधी होतं, पाणबुडी नंतर आली.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर एवढी मोठी पोस्ट? त्यासाठी ही नावं पडतात कशी, ते आधी सांगतो.

युद्धसामग्रीला दोन ओळखी असतात. एक नंबर आणि एक नाव. नंबर फाइलसाठी असतो. कुठल्या प्रकल्पातली, कितवी, कुठल्या प्रकारची, हे गोदामातल्या आणि कारखान्यातल्या माणसाला कळावं म्हणून. त्यात भावना नसते आणि नसलेलीच बरी. आपल्या हवाई दलाचं सुखोई-३० एमकेआय घ्या. ही तीन अक्षरं रशियन शब्दांची आहेत: आधुनिक केलेलं, व्यावसायिक, भारतीय. 'व्यावसायिक' म्हणजे विक्रीसाठीचं. किती रोखठोक! आम्ही हे तुम्हाला विकलंय, असं विमानाच्या नावातच लिहून ठेवलंय. पण खोटं काही नाही त्यात.

आपली जुनी 'खांदेरी' तर परदेशात भलत्याच नावाने ओळखली जायची. हो, ही दुसरी खांदेरी आहे. पहिली १९६८ साली सोव्हिएत रशियातून आली आणि १९८९ ला निवृत्त झाली. रशियनांसाठी ती प्रोजेक्ट ६४१ ची बोट. नाटोवाल्यांना शत्रूच्या बोटीचं खरं नाव माहीत असेलच असं नसतं, म्हणून ते स्वतःच्या सोयीने नाव ठेवायचे. पाणबुड्यांना वायरलेसवरची मुळाक्षरं लावायचे, त्यात हिला आलं 'फॉक्सट्रॉट'. म्हणजे एकाच बोटीला रशियन नंबर, नाटोचं टोपणनाव आणि आपलं नाव. यातलं पहिलं कारखान्याचं, दुसरं शत्रूच्या सोयीचं. तिसरं तेवढं आपण विचार करून, प्रेमाने ठेवलेलं.

म्हणून तिसऱ्याचा अर्थ महत्त्वाचा.

नाव माणसांसाठी असतं. त्या बोटीवर महिनोन् महिने कोंडून घेणाऱ्या खलाशांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि ज्यांच्या पैशातून बोट झाली त्या तुमच्या-माझ्यासाठी. आणि आपल्या नौदलात नावं उगाच, मनाला येईल तशी ठेवली जात नाहीत. त्यासाठी अंतर्गत नामकरण समिती असते, ठरलेली पद्धत असते. विनाशिकांना शहरांची नावं: दिल्ली, मुंबई, कोलकाता, विशाखापट्टणम, मुरगाव, इंफाळ, सुरत. फ्रिगेटना डोंगर, नद्या किंवा शस्त्रं: सह्याद्री, सातपुडा, गोमती, तलवार, त्रिकंड. कॉर्वेटना हातातली हत्यारं किंवा बेटं: खुकरी, कृपाण, कवरत्ती, कदमत. शक्यतो एका वर्गातल्या बोटींची नावं एकाच अक्षराने सुरू करायची, हीसुद्धा पद्धत. आणि सगळ्यात सुंदर रिवाज म्हणजे नाव मरत नाही. जुनी बोट गेली की तिचं नाव नव्या बोटीला मिळतं. 'विक्रांत' १९९७ ला निवृत्त झाली आणि २ सप्टेंबर २०२२ ला पुन्हा समुद्रात आली. 'खांदेरी'ही तशीच परत आली.

पाणबुड्यांसाठी काय पद्धत? शिकारी मासे, किंवा समुद्राशी नातं असलेलं काही. बस. इथेच घोळ झाला असणार. यादीत शिकारी मासे आहेत, म्हणजे खांदेरीसुद्धा मासाच असला पाहिजे, असं कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं. नियमात नाव बसेना, म्हणून नावाचा अर्थ नियमात कोंबला.

माशांच्या नावांची ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांना माशांची नावं दिली. बोटी इतक्या झाल्या की माशांची नावं कमी पडायला लागली. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी मासे सोडून शहरांची नावं घ्यायला सुरुवात केली. का? अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या नावावर एक उत्तर सांगितलं जातं: मासे मतदान करत नाहीत! शहराचं नाव दिलं की त्या शहराचा खासदार बोटीच्या पैशाला हात वर करतो. कारण स्वार्थाचं, पण निदान सरळ. आमच्याकडे उलटं झालं. चांगलं जितंजागतं बेट होतं, त्याच्या समोर माणसांनी भरलेला कोळीवाडा होता, आणि आम्ही निवडला मासा.

आता त्या बेटाबद्दल. आमच्याच पोरांना हे माहीत नाही म्हणून जरा सविस्तर.

साल १६७९. मुंबई बंदराच्या तोंडावर हे मोकळं बेट. महाराजांनी तिथे किल्ला बांधायचं ठरवलं आणि ऐन पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्टअखेर, मायनाक भंडारी माणसं आणि थोड्या तोफा घेऊन बेटावर उतरले. इंग्रजांच्या पोटात गोळा आला. खांदेरीवर मराठ्यांच्या तोफा चढल्या म्हणजे मुंबईत शिरणारं प्रत्येक जहाज त्यांच्या नजरेखालून जाणार. त्यांनी आधी निरोप धाडले, मग जहाजं धाडली. 'रिव्हेंज' आणि 'हंटर' ही त्यातली मोठी. बेटाची कोंडी करायची, रसद तोडायची, बांधकाम आपोआप बंद पडेल, असा हिशोब.

बंद पडलं नाही. थळच्या बाजूने छोट्या होड्या रात्री-अपरात्री बेटाला लागत राहिल्या. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, आपल्या होड्या वल्ह्यांवर. उथळ पाण्यात, खडकांतून, भरती-ओहोटी बघून जायचं तर ज्याचा जन्म त्या पाण्यात गेलाय त्यालाच जमतं. १८ ऑक्टोबर १६७९ च्या सकाळी दौलतखानाच्या आरमाराने थेट इंग्रजांच्या ताफ्यावर चाल केली. 'डव्ह' नावाची त्यांची बोट मराठ्यांच्या हाती पडली. 'रिव्हेंज'ने त्या दिवशी जोरात लढत दिली, हेही खरं. इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. पण शेवटी झालं काय? किल्ला उभा राहिला आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना तडजोड करून जहाजं मागे घ्यावी लागली. खांदेरी मराठ्यांचीच राहिली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. तिथून पुढे ही दोन बेटं एकमेकांकडे तोफा रोखून बसली.

पुढे कान्होजी आंग्र्यांचा काळ. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर आरमार आणलं. हात हलवत परत गेला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून आपल्या कुलाब्यावर आले, त्यांचीही तीच गत.

हे सगळं 'खांदेरी' या तीन अक्षरांत आहे. मोठ्या जहाजांच्या नाकासमोर, छोट्या होड्यांनी, स्वतःच्या पाण्याच्या जोरावर, दबकत पण चिवटपणे केलेलं युद्ध. पाणबुडीला याहून योग्य नाव कुठलं सापडणार? लपून राहायचं, तळ ओळखायचा, मोठ्या जहाजाला जेरीस आणायचं. १९६८ साली ज्या कुणी हे नाव यादीत घातलं, त्या माणसाला सलाम. आणि २०१९ साली ज्याने त्याचा मासा केला, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बरं, बेटाचं तरी नाव बेटाकडे राहिलंय का? नाही! १९९८ मध्ये सरकारने खांदेरीचं नामकरण 'कान्होजी आंग्रे बेट' असं केलं. बेटावरचं १८६७ चं दीपगृह, तेही 'कान्होजी आंग्रे दीपगृह'. कान्होजींबद्दल या तालुक्यात कुणाला काही शिकवायची गरज नाही. त्यांची समाधी आमच्या गावात आहे. पण नीट विचार करा. किल्ला बांधून घेतला शिवाजी महाराजांनी, बांधला मायनाक भंडाऱ्यांनी, राखला दौलतखानाने, पुढे गाजवला कान्होजींनी. एकाचा सन्मान करायचा म्हणून बाकीच्यांची आठवण ज्या नावात होती ते नावच खोडायचं, हा कुठला सन्मान? दीपगृहाला कान्होजींचं नाव द्या, उत्तमच. बेटाचं नाव कशाला काढलं?

आणि आता ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. रायगड, राजगड, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि हो, खांदेरी. कुठल्या नावाने? खांदेरी! अभिनंदन. म्हणजे आजची परिस्थिती अशी:

युनेस्कोच्या यादीत: खांदेरी किल्ला.
आपल्याच सरकारच्या १९९८ च्या नामकरणात: कान्होजी आंग्रे बेट.
नौदलात: खांदेरी, अर्थ मासा.

एका बेटाची ही तीन तोंडं. उद्या एखाद्या स्पर्धा परीक्षेत प्रश्न आला की 'आयएनएस खांदेरी हे नाव कशावरून? (अ) किल्ला (ब) टायगर शार्क (क) करवत मासा (ड) यांपैकी नाही', तर थळच्या पोराने कुठे खूण करायची? आज्याने सांगितलेलं लिहायचं की मंत्र्यांनी सांगितलेलं? खरं लिहून मार्क जाणार, असा देश आपल्याला हवाय का?

हा एकटा अपघात असता तर मी गप्प बसलो असतो. याच मालिकेतली तिसरी पाणबुडी 'करंज'. उरणजवळचं करंजा बेट, म्हणजे पुन्हा आपलाच रायगड जिल्हा. पहिली करंज १९६९ ते २००३ सेवेत होती. नव्या करंजचं जलावतरण ३१ जानेवारी २०१८ ला झालं. त्या वेळी या नावाची फोड काय फिरली, माहीत आहे? इंग्रजी स्पेलिंग घेऊन एकेक अक्षर: के म्हणजे किलर इन्स्टिंक्ट, ए म्हणजे आत्मनिर्भर भारत, आर म्हणजे रेडी, ए म्हणजे अ‍ॅग्रेसिव्ह, एन म्हणजे निम्बल, जे म्हणजे जोश.

हसू नका. हे छापून आलंय, टीव्हीवर दाखवलंय.

करंजा हे गाव आहे. तिथे बंदर आहे, कोळीवाडा आहे, रेवसहून तरीने पलीकडे गेलं की पाय ठेवता येतो अशी जागा आहे. त्याची सहा इंग्रजी अक्षरं सुटी करून कोचिंग क्लासच्या बोर्डासारखी फोड केली. उद्या अलिबाग नावाची बोट निघाली तर ए फॉर काय आणि एल फॉर काय, तेही आत्ताच ठरवून ठेवा.

आणि आमच्या धंद्यातली मंडळी? मुंबई-दिल्लीची मोठी दैनिकं, चॅनेलं, सगळ्यांनी २०१७ ला शार्क छापला, २०१९ ला करवत मासा छापला, २०१८ ला 'के फॉर किलर' छापलं. एकाने उलटून विचारलं नाही की साहेब, मागच्या वेळी तर तुम्ही दुसरंच सांगितलं होतं. प्रसिद्धिपत्रक आलं, चिकटवलं, चहा प्यायला गेले. तालुक्याच्या बातमीदाराने ग्रामपंचायतीच्या ठरावात एक तारीख चुकवली तर सरपंच फोन करून झापतो. इथे राष्ट्रीय पातळीवर अख्खा किल्ला समुद्रात बुडाला, कुणी फोन केला नाही.

आता 'सरकारला हे जमतच नाही' असंही नाही. जमतं. १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला 'आयएनएस अर्नाळा' दाखल झाली. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी बोट. तिची ओळख करून देताना नौदलाने स्पष्ट सांगितलं: वसईजवळचा अर्नाळा किल्ला, चिमाजी अप्पांच्या काळात १७३७ मध्ये मराठ्यांनी बांधलेला, त्यावरून नाव. मासा नाही, अक्षरांची फोड नाही. किल्ला, जागा, साल, माणूस, सगळं जागेवर. तिच्या मालिकेत पुढे अँड्रॉथ, अंजदीव ही नावं. कोचीत ३० नोव्हेंबर २०२३ ला एकाच दिवशी तीन बोटींचं जलावतरण झालं: माहे, मालवण, मांगरोळ. किनाऱ्यावरच्या गावांची नावं, गावं म्हणूनच दिलेली. मग अर्नाळ्याला जो न्याय, तो खांदेरीला का नाही? अर्नाळा किल्ला आणि खांदेरी मासा, हा भेदभाव कशासाठी?

डीआरडीओवाल्यांकडेही बघा. 'पिनाक' रॉकेट यंत्रणा आमच्या पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केली. पिनाक म्हणजे शंकराचं धनुष्य, दूरवर बाण सोडणारं. नाव आणि काम जुळतं, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'ब्रह्मोस' म्हणजे ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा. दोन देशांची दोन नद्यांत ओळख. १९८३ च्या कार्यक्रमातली पृथ्वी, अग्नी, आकाश, त्रिशूळ, नाग ही नावं तर आता रिक्षावाल्यालाही पाठ आहेत. नाव ठेवणाऱ्याला अर्थ माहीत होता, तो बदलला नाही, म्हणून ती लोकांच्या तोंडी बसली.

आता येणाऱ्या कमेंट्सची उत्तरं आधीच देऊन टाकतो.

'नावात काय आहे? पाणबुडी दमदार आहे ना?' आहे. साडेसदुसष्ट मीटर लांबीची, माझगावच्या कामगारांच्या हातची बोट आहे, आणि त्या कामगारांत आपल्या जिल्ह्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. तिच्याबद्दल अभिमानच आहे. पण नावात काहीच नसेल तर नाव देता कशाला? नुसता नंबर ठेवा. आम्ही भांडायला येणार नाही. नाव घेतलंत तर अर्थासकट घ्या.

'कुठल्या तरी भाषेत असेल असा मासा.' असेल तर सांगा ना! कुठली भाषा, कुठला किनारा, कुठला मासा, शास्त्रीय नाव काय. थळ, नवगाव, वरसोली, साखर, आक्षी, कुठल्याही कोळीवाड्यात जा. मुशी सांगतील, पाकट सांगतील, शिंगाळा सांगतील. खांदेरी म्हटलं की म्हातारी माणसं तिथल्या वेताळाला हात जोडतील. त्या देवाला नारळ फोडून हंगाम सुरू करणाऱ्यांना तुम्ही सांगणार की खांदेरी हा मासा आहे?

'तुम्ही सैन्यावर टीका करता.' नाही. प्रसिद्धिपत्रक लिहिणाऱ्यावर करतोय. बोटीवरच्या पोरांचा याच्याशी काही संबंध नाही. उलट त्यांना आपल्या बोटीच्या नावामागे १६७९ ची लढाई आहे हे माहीत असण्याचा हक्क आहे. तळाजवळ पोहणारा मासा ऐकून जो जोश येतो आणि मायनाक भंडारी ऐकून जो येतो, त्यात फरक आहे की नाही?

'शिवाजी महाराजांचा सन्मान या सरकारने केलाय.' केलाय, आणि म्हणून तर हे जास्त खटकतं. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या ध्वजावरचा जुना क्रॉस गेला आणि महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणात, सिंधुदुर्गाच्या साक्षीने नौदल दिन झाला, पंतप्रधानांनी अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पदचिन्हांत महाराजांच्या आरमाराची खूण येईल आणि हुद्द्यांची नावंही भारतीय परंपरेनुसार होतील असं जाहीर केलं. उत्तम. पण खांद्यावर महाराज आणि खांदेरीत मासा? महाराजांनी स्वतः ठरवून बांधून घेतलेल्या किल्ल्याचं नाव तुमच्याच बोटीवर आहे, आणि ते तुम्हालाच दिसत नाही? नवीन चिन्हं शोधायच्या आधी, हातात आहेत ती तरी वाचा.

आणि थोडं आपल्याबद्दलही. आपण अलिबागकर काय करतो? शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांना नावं ठेवतो आणि रो-रोच्या रांगेत स्वतःही उभे राहतो. महाराजांच्या जयंतीला डीजे लावतो, डीपी बदलतो. पाणबुडी दाखल झाली तेव्हा 'आपली खांदेरी' म्हणून स्टेटस ठेवले होते की नाही? त्याच दिवशी भाषणात मासा सांगितला गेला. तालुक्यातून एक निवेदन गेलं असतं तर आज ही पोस्ट लिहावी लागली नसती. आजही खांदेरीला जायचं तर थळहून मच्छीमारांची होडी ठरवावी लागते, पावसाळ्यात तर तीही नाही. वारसा यादीत नाव गेलं की पर्यटक येतील, मग बॅनर लागतील, आणि त्यावर खांदेरीचा अर्थ काय लिहायचा हे आपण ठरवलं नाही तर कुणीतरी मुंबईचा डिझायनर गुगलवरून मासा उचलून टाकेल. तेव्हा बोंबलून उपयोग नाही.

म्हणून मागण्या. साध्या आहेत, फार पैसे लागत नाहीत.

१. आयएनएस खांदेरी हे नाव खांदेरी किल्ल्यावरून आहे, हे नौदलाने लेखी आणि जाहीरपणे सांगावं. २०१७ च्या प्रसिद्धिपत्रकातलं पहिलं वाक्य ठेवावं, दुसरं काढावं. एका ओळीचं काम आहे.

२. माशाचा आग्रहच असेल तर तो कुठल्या भाषेतला, कुठल्या कागदाच्या आधारे, ते प्रसिद्ध करावं. आधार खरा निघाला तर आम्ही मान्य करू.

३. बेटाचं अधिकृत नाव पुन्हा 'खांदेरी' करावं. दीपगृहाला कान्होजींचं नाव आहे ते तसंच राहू द्यावं. आणि कान्होजींचा सन्मान करायचाच असेल तर १९५१ मध्ये मुंबईच्या नौदल तळाचं 'डलहौसी' हे नाव काढून 'आंग्रे' दिलं, तसं ठसठशीत काहीतरी करा. तळाला नाव आहेच, आता लढाऊ बोटीला द्या. जमिनीवरचा तळ समुद्रात जात नाही. कान्होजी जायचे.

४. थळच्या किनाऱ्यावर, जिथून खांदेरी दिसते तिथे, नौदलाने एक फलक लावावा: १६७९ ची लढाई, मायनाक भंडारी, दौलतखान, आणि या बेटाचं नाव घेऊन समुद्राखाली फिरणाऱ्या दोन पाणबुड्या, १९६८ ची आणि २०१९ ची. मराठीत लावावा. आणि उद्घाटनाला मंत्री नसले तरी चालतील, खांदेरीवर सेवा केलेला एखादा निवृत्त खलाशी बोलवा.

५. जिल्ह्यातले आमदार-खासदार, सगळ्या पक्षांचे, यांनी हा प्रश्न लेखी विचारावा. यात कुणाची मतं जात नाहीत, कुणाची जमीन जात नाही. एवढं तरी जमायला हरकत नाही.

माझ्याकडून मी संरक्षण मंत्रालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करतोय: नाव कशावरून, कुठल्या समितीने, कुठल्या टिपणीवर, आणि २०१७ ते २०१९ मध्ये अर्थ कुणी बदलला. उत्तर काय येईल ते इथे टाकेन, उत्तर आलं नाही तर तेही टाकेन. तुम्हीही अर्ज करा. मजकूर हवा असेल तर कमेंटमध्ये 'खांदेरी' लिहा, पाठवतो.

ज्यांच्या घरात जुन्या खांदेरीवर किंवा करंजवर काम केलेलं कुणी असेल, त्यांनी जरूर लिहा. तेव्हा बोटीवर नावाचा अर्थ काय सांगितला जायचा, एवढं एक वाक्य आठवत असेल तरी चालेल. आणि कोळीवाड्यातल्या मंडळींनो, खरोखरच 'खांदेरी' नावाचा मासा कुणाच्या जाळ्यात आजवर आला असेल तर फोटोसकट टाका. नौदलाला पाठवायची जबाबदारी माझी.